पाणी उतरायच्या आधीचा भाव

आमच्या पलूस तालुक्यात भाव हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. डिसेंबर उजाडला की द्राक्षाचा भाव, मार्चनंतर बेदाण्याचा, कारखाने सुरू झाले की उसाचा, आणि बाराही महिने भिलवडीच्या बाजूला दुधाचा. सकाळी चहाच्या गाड्यावर उभं राहिलं तर दहा मिनिटांत चार मालांचे चार भाव कानावर पडतात. यातला प्रत्येक माल डोळ्यांनी बघता येतो, हातात घेता येतो, वजनकाट्यावर ठेवता येतो. शेजारच्या किर्लोस्करवाडीत १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना उभा केला. त्याचीही किंमत करायची तर यंत्रं मोजता येत होती, भट्टी दिसत होती, तयार नांगर मोजता येत होते.

आता आमच्याच पोरांच्या मोबाईलवर एक वेगळा माल आलाय. ॲपवर चालणारी एखादी कंपनी पहिल्यांदा बाजारात शेअर विकायला काढते, त्याला सगळे आयपीओ म्हणतात. कंपनीचं गोदाम नाही, भट्टी नाही. कित्येकदा नफाही नाही. तरी तिची किंमत हजारो कोटी सांगतात. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न वर्गातही येतो आणि घरातही. यंदा तो घरात जरा जास्त जवळून आला.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, विधवा आहे. दुल्हेभाई फाउंड्रीत कामाला होते. त्यांच्या फंडातून उरलेले आणि स्वतः शिलाई करून साठवलेले असे साडेतीन लाख रुपये तिच्या खात्यात आहेत. ते हजचे पैसे. घरात कुणीही त्या पैशाला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. भाचा पुण्यात नोकरीला आहे, हुशार आहे, आईवर जीव आहे त्याचा. तो म्हणाला, "मामू, अम्मीच्या नावाने दोन लाखांचा अर्ज करू. ग्रे मार्केटमध्ये चाळीस टक्के वर चाललाय. आठवड्यात पैसे परत, आणि हजला जाताना तिच्या हातात चार पैसे जास्त." आपा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तू बघ बाबा. आणि हलाल आहे का तेवढं सांग."

तिचे दोन प्रश्न होते. भाव बरोबर आहे का, आणि व्यवहार जायज आहे का. विचार करत गेलो तसं मला वाटायला लागलं, की हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून फार लांब नाहीत.

आम्ही बागवान. अब्बांचा धंदा द्राक्षाचा. बागेत जायचं, माल बघायचा, भाव ठरवायचा, विसार द्यायचा आणि पेट्या भरून गाडी लावायची. आमच्याकडे भाव चार किलोच्या पेटीवर बोलतात. शेतकरी ऑक्टोबरात फळछाटणी करतो, तिथून साधारण चार महिन्यांनी माल निघतो. काही व्यापारी मणी ज्वारीएवढे असतानाच बाग बोलून ठेवायचे. अब्बा तसं करत नसत. ते पाणी उतरण्याची वाट बघत. ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: द्राक्षाचा मणी आधी टणक आणि आंबट असतो. मग एका टप्प्यावर तो मऊ पडायला लागतो, त्याला चकाकी येते, आत साखर भरू लागते. याला पाणी उतरणं म्हणतात. त्याच्या आधी बाग कितीही भारी दिसो, अवकाळी पावसाचा एक तडाखा किंवा डाऊनीचा एक झपाटा पुरतो.

ही फक्त अब्बांची सावधगिरी नव्हती. हजरत अनस यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये द्राक्षं काळी पडेपर्यंत आणि धान्य दाण्यात भरेपर्यंत विकायला मनाई आहे. कारणही हदीसमध्येच येतं: पीक मधेच गेलं तर विकणाऱ्याने आपल्या भावाचे पैसे कोणत्या हक्काने घ्यायचे? फिकहच्या भाषेत अशा अंधाऱ्या व्यवहाराला गरर म्हणतात. आमची थॉमसन आणि सोनाक्का काळी पडत नाहीत, म्हणून अब्बांनी त्याचा अर्थ पाणी उतरण्याशी लावला होता.

आता कंपनीकडे येऊ. बाजारात यायच्या आधीच तिची किंमत अमुक हजार कोटी आहे अशी बातमी येते, ती कुठून येते? समजा एका गुंतवणूकदाराने १०० कोटी दिले आणि कंपनीचा एक टक्का हिस्सा घेतला. लगेच शंभराने गुणून बातमी होते, कंपनी १०,००० कोटींची झाली. प्रत्यक्षात हातातून गेले फक्त १०० कोटी. आपल्याकडे बेदाण्याचा किंवा हळदीचा हंगाम सुरू होतो तेव्हा मुहूर्ताचा सौदा निघतो. पहिल्या मालाला हार घालतात, कुणीतरी हौसेने चढा भाव देतो, फोटो येतो. म्हणून तालुक्यातल्या सगळ्या मालाला तो भाव लावून कुणी शेतकरी कर्ज फेडायला निघत नाही. कंपन्यांच्या बाबतीत मात्र मुहूर्ताच्या भावानेच सगळी बाग मोजतात. शिवाय त्या मोठ्या गुंतवणूकदाराने घेतलेला हिस्सा साधा नसतो. कंपनी बुडाली किंवा स्वस्तात विकली गेली तर आधी माझे पैसे परत, अशा अटी त्याने लिहून घेतलेल्या असतात. बाजारात येताना त्याचे शेअर साधे होतात. पण ज्या भावाची बातमी झाली होती तो अटींसकट दिलेला भाव होता. आपल्याला मिळतो तो शेअर त्या अटींशिवायचा.

मग बाजारात येताना भाव कोण ठरवतं? १९९२ पर्यंत दिल्लीत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज नावाचं सरकारी कार्यालय होतं. कंपनीने शेअरवर किती प्रीमियम घ्यायचा हे तिथे ठरायचं. ते १९९२ साली बंद झालं. आता कंपनी आणि तिचे मर्चंट बँकर मिळून भाव ठरवतात. सेबी कागद तपासते, माहिती पुरी दिली आहे का बघते. भाव रास्त आहे असं सेबी कधीच सांगत नाही. पुष्कळ लोकांना वाटतं, सेबीची मंजुरी म्हणजे भावाला मंजुरी. तसं नाही.

ठरवण्याची रीत अशी. आधी भावाचा एक पट्टा जाहीर होतो, खालचा आणि वरचा. वरचा भाव खालच्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. इश्यू उघडायच्या आदल्या दिवशी मोठ्या संस्थांना माल दिला जातो, त्यांना अँकर म्हणतात. मग तीन दिवस बोली चालते. आपल्यासारखे छोटे लोक बहुधा कट-ऑफवर टिक करतात, म्हणजे जो भाव ठरेल तो कबूल. तासगावच्या बेदाणा सौद्यात व्यापारी मूठभर माल हातात घेऊन दाबून बघतो, वास घेतो, मग बोलतो. इथे आपण माल न बघता 'शेजारी देईल तो भाव' म्हणून सही करतो.

सेबीच्या नियमांत एक कलम आहे, ते मी भाच्याला मुद्दाम दाखवलं. कंपनीला मागच्या तीन वर्षांत दरवर्षी कामकाजातला नफा हवा आणि त्याची सरासरी किमान १५ कोटी हवी. ही किंवा मालमत्तेच्या बाकी अटी पुऱ्या होत नसतील तरी कंपनी येऊ शकते, पण मग किमान ७५ टक्के शेअर मोठ्या संस्थांनी घ्यायला हवेत. तेवढी मागणी आली नाही तर सगळ्यांचे पैसे परत. आणि छोट्या गुंतवणूकदारांसाठी जास्तीत जास्त १० टक्के. नफ्यातल्या कंपनीत हाच वाटा किमान ३५ टक्के असतो. पिकायच्या आधीचा माल ओळखणं जाणकाराचं काम आहे, हेच हा नियम आपल्या भाषेत सांगतो.

पण जाणकार तरी भाव काढतात कसा? नफाच नाही तर नफ्याच्या किती पट असं म्हणता येत नाही. मग विक्रीच्या किती पट हे बघतात, किंवा दहा वर्षं पुढचा नफा धरून मागे येतात. मी वर्गात फळ्यावर करतो ते गणित इथे लिहितो. समजा दहाव्या वर्षी कंपनीला १,००० कोटी नफा होईल आणि तेव्हा बाजार तिला नफ्याच्या २५ पट भाव देईल. म्हणजे २५,००० कोटी. एवढी जोखीम घेणाऱ्याला वर्षाला १५ टक्के परतावा हवा असेल, तर त्याची आजची किंमत सुमारे ६,२०० कोटी होते. तोच परतावा १२ टक्के धरला की किंमत ८,००० कोटींवर जाते. आणि १५ टक्केच ठेवून दहाव्या वर्षाचा नफा १,००० ऐवजी ६०० कोटी धरला, तर किंमत ३,७०० कोटींवर येते. कंपनी तीच, दिवस तोच. अंदाजाचा एक आकडा हलवला की भाव चाळीस टक्क्यांनी खाली येतो. अशा गणितात खोटं बोलावं लागत नाही, आशा थोडी वाढवली की पुरतं.

पेटीएमचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी आकडे एकदा नीट बघण्यासारखे आहेत. पेटीएमची मालक कंपनी वन९७ कम्युनिकेशन्स नोव्हेंबर २०२१ मध्ये बाजारात आली. इश्यू १८,३०० कोटींचा. त्यातले ८,३०० कोटी कंपनीच्या धंद्यासाठी आणि १०,००० कोटी जुन्या भागधारकांच्या खिशात, कारण ते आपला हिस्सा विकत होते. भाव २,१५० रुपये. त्या भावाने कंपनीची किंमत सुमारे १.३९ लाख कोटी होत होती. मागच्या आर्थिक वर्षातलं तिचं कामकाजातलं उत्पन्न होतं सुमारे २,८०० कोटी आणि तोटा सुमारे १,७०० कोटी. म्हणजे उत्पन्नाच्या जवळजवळ पन्नास पट. अँकर संस्थांनी त्या भावाने ८,२३५ कोटी घातले होते. १८ नोव्हेंबरला शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली बंद झाला. मे २०२४ मध्ये तो ३१० रुपयांपर्यंत गेला होता. २०१९ मध्ये खासगी गुंतवणूकदारांनी तिची किंमत १६ अब्ज डॉलर लावली होती, त्याच्याही वर जाऊन बाजारात विकायचं होतं. मुहूर्ताचा भाव खाली उतरवायला कुणी तयार होत नाही.

भाच्याने लगेच झोमॅटो पुढे केली. त्याचं चुकीचं नव्हतं. जुलै २०२१ मध्ये झोमॅटो ७६ रुपयांनी आली. तीही तोट्यातच होती. पहिल्याच दिवशी ११५ च्या पुढे उघडली. वर्षभराने जुन्या गुंतवणूकदारांवरची विक्रीबंदी संपली आणि शेअर चाळीसच्या आसपास आला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तोच ३०० च्या वर होता. "मग मामू, तोट्यातली कंपनी घ्यायचीच नाही असं कसं म्हणता?"

तसं मी म्हणत नाही, आणि अब्बाही म्हणाले नसते. नवीन बाग लावली की पहिली दीड-दोन वर्षं खर्चच असतो. खुंट, कलम, अँगल, तार, ठिबक. एक घड विकलेला नसतो. म्हणून ती बाग फुकट आहे असं कुणी म्हणत नाही. किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही सुरुवातीला खपत नव्हता, लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. फळ विकत घेणं वेगळं आणि बागेत भागीदार होणं वेगळं. शेअर म्हणजे भागीदारी. म्हणून अनेक उलेमांच्या मते धंदा हलाल असेल आणि कंपनीचा व्याजाशी संबंध ठराविक मर्यादेच्या आत असेल, तर शेअर घेणं जायज आहे. काहींना हेही मान्य नाही. शरियाच्या निकषांनी निवडलेल्या शेअर्सचा निर्देशांक मुंबई शेअर बाजारात २०१० पासून आहे. तेव्हा शेअर म्हणजे सरसकट जुगार, असं म्हणून विषय संपवणं मला पटत नाही.

पण भागीदार व्हायचं तर बाग बघावी लागते. पाण्याची सोय काय, खुंट कोणता, जुना भागीदार का निघून चाललाय. आठवड्यात विकायचं म्हणून घेतो, त्याने यातलं काही बघितलेलं नसतं. तो पुढच्या गिऱ्हाइकावर पैज लावतो. ग्रे मार्केटचा चाळीस टक्के हा आकडा अशा पैजांचाच भाव आहे. त्याला ना कागद, ना पावती, ना कुणाची जबाबदारी.

दोन जुनी उदाहरणं मला इथे आठवतात. इन्फोसिसची नोंदणी १९८१ साली पुण्यात झाली, भांडवल दहा हजार रुपये. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिने ९५ रुपयांनी शेअर विकायला काढला, तेव्हा पुरते अर्जही आले नाहीत. मॉर्गन स्टॅनलेने १३ टक्के घेतले म्हणून इश्यू तरला. जूनमध्ये शेअर १४५ वर उघडला. दुसरं जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं. मोहम्मद हाशम प्रेमजींनी डिसेंबर १९४५ मध्ये तिथे वनस्पती तेलाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. दुसऱ्याच वर्षी तिचे शेअर लोकांना विकले. पुढे १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट ठेवून परत आले, आणि १९८० च्या सुमारास कंपनी संगणकाकडे वळली. तीच विप्रो. अमळनेरमध्ये तो शेअर पिढ्यानपिढ्या न विकता जपलेली घरं आहेत आणि त्यांची श्रीमंती हा सगळ्या खानदेशात कौतुकाचा विषय आहे.

या गोष्टी सांगून लोक म्हणतात, बघा, लवकर घेतलं की सोनं होतं. मला त्यातून वेगळं दिसतं. १९४६ साली ज्याने शेअर घेतला त्याने तेलाच्या घाण्याचे पैसे दिले. संगणकाचे पैसे त्याच्याकडून कुणी मागितले नव्हते. पुढची सगळी वाढ त्याला वरकड मिळाली. आजची कंपनी पुढच्या दहा वर्षांची वाढ आजच्या भावातच धरते. घाणा, साबण, संगणक, सगळ्याचे पैसे पहिल्याच दिवशी मागते. सगळं ठरल्यासारखं झालं तरी घेणाऱ्याला बेताचंच मिळतं, आणि एक हंगाम चुकला तर त्याचा तोटा. कंपनी चांगली असणं आणि भाव चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनाक्का कितीही गोड असली तरी कोणत्याही भावाने घेतली की धंदा होत नाही, हे आमच्या तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

त्या कंपनीचा प्रॉस्पेक्टस मी आणि भाच्याने दोन रात्री बसून वाचला. इंग्रजीत शेकडो पानं असतात, पण तीन ठिकाणं आधी बघावीत. पहिलं, पैसा कुणाकडे जातोय: कंपनीकडे की जुन्या भागधारकांकडे. दुसरं, इश्यूच्या भावाचा आधार हे प्रकरण. त्यात अलीकडच्या काळात जुन्या लोकांनी शेअर कितीला घेतले हे आता द्यावंच लागतं. तिसरं, कामकाजातून रोख पैसा येतोय की जातोय. तेच पाणी उतरण्याचं लक्षण. नफा कागदावर मागेपुढे करता येतो, रोख लपवणं अवघड असतं. आमच्यासमोरच्या कंपनीत निम्म्याहून जास्त पैसा जुन्यांच्या खिशात जात होता, आणि रोख अजून बाहेरच वाहत होती.

मी आपाला इंग्रजी शब्द एकही न वापरता सांगितलं. बाग खरी आहे, धंद्यात हराम काही दिसत नाही. पण पाणी उतरलेलं नाही, जुना मालक निम्मा वाटा विकून निघालाय, आणि तुझ्या पोराला बागेत राहायचंच नाही, तिसऱ्याच्या गळ्यात घालून यायचंय. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारलं, "जो आपल्याकडून घेणार, त्याचे पैसे कसले असतील?"

भाच्याला याचं उत्तर देता आलं नाही. मलाही हा प्रश्न इतक्या वर्षांत कुठल्या वाणिज्याच्या पुस्तकात दिसलेला नाही. आठवड्यात मिळणारा चाळीस टक्के नफा आकाशातून पडत नसतो. तो कुणातरी शिलाई करणाऱ्या बाईच्या साठवणीतूनही आलेला असू शकतो, जिला तिच्या भाच्याने किंवा मुलाने सांगितलं असेल की आता घे, अजून वर जाणार आहे.

हजचे पैसे जागचे हलले नाहीत. भाच्याने स्वतःच्या पगारातून एका लॉटचा अर्ज केला, तो लागला नाही. कंपनी बाजारात आली त्या दिवशी भाव वर उघडला. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. पुढे काय होईल हे मला माहीत नाही. कदाचित तो शेअर तिप्पट होईल. तरीही आपाला सांगितलेलं बदलावं असं मला वाटणार नाही, कारण तिने विचारलं होतं ते भाव वर जाईल का असं नव्हतं. भाव बरोबर आहे का, असं होतं.

आता भाच्याला मी एक काम दिलंय. दर तीन महिन्यांनी कंपनीचे आकडे येतील, ते घेऊन बसायचं आणि कामकाजातल्या रोख रकमेच्या ओळीवर बोट ठेवायचं. ज्या तिमाहीत ती ओळ अधिकात येईल आणि टिकेल, त्या दिवशी भाव काय आहे ते आपण दोघं मिळून बघू.